निबंध कोण वाचतंय?

इंग्रजीच्या वर्गात संगणक शिरला तो तपासनीस म्हणून. बेल लॅब्जचा ‘रायटर्स वर्कबेंच’ हा प्रोग्रॅमसंच १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कोलोराडो स्टेट विद्यापीठाच्या लेखनवर्गांत आला. वाक्यांची लांबी, कर्मणी प्रयोगाचं प्रमाण, गुळगुळीत झालेले शब्दप्रयोग तो झटपट काढून द्यायचा. निबंधाला काही म्हणायचं आहे का, हे मात्र त्याच्या गावीही नव्हतं. वर्ड प्रोसेसरने खाडाखोड सोपी केली, एवढंच.

खरी वेगळी गोष्ट घडली वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात. इथे कर्णबधिर मुलं शिकतात. त्यांच्यातल्या अनेकांचा संवाद अमेरिकन खुणांच्या भाषेत. इंग्रजी भेटायची ती कागदावर, बहुधा चुका दाखवायला. १९८५मध्ये प्राध्यापक ट्रेंट बॅटसन यांनी वर्गातले संगणक एकमेकांना जोडले आणि चर्चाच टाइप करून घ्यायला सुरुवात केली. आपली ओळ जुळवायची, कळ दाबायची, की ती नावासकट सगळ्यांच्या पडद्यावर, नाटकाच्या संहितेसारखी. शिक्षकांची ओळही त्याच रांगेत. समोरच्याला कळलं नाही तर तिथल्या तिथे पुन्हा लिहिणं आलं. लिहिलेलं कुणीतरी लगेच वाचतंय, उत्तर देतंय, हा अनुभव कुठल्याही व्याकरणतपासणीने दिलेला नाही. मला विचाराल तर चाळीस वर्षांतला सर्वांत मोलाचा प्रयोग हाच, आणि आज (व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात!) तोच सगळ्यात कमी आठवला जातो.

२००६मध्ये गूगल डॉक्स आलं, २०१४मध्ये गूगल क्लासरूम. समासात मित्राचा शेरा, मागचे सगळे मसुदे जपलेले. सोय उत्तम होती. बऱ्याच ठिकाणी ती गृहपाठ गोळा करण्यावरच भागली.

३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी अवतरलं आणि धांदल उडाली. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांनी जानेवारीत बंदी घातली, मे महिन्यात उठवली. दरम्यान नक्कल पकडणाऱ्या टर्नइटिनने यंत्राचं लेखन ओळखण्याची सोय आणली. निर्दोष लेखनावर ठपका एक टक्क्याहून कमी वेळा, असा दावा. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने साधा हिशेब केला: २०२२मध्ये तपासायला दिलेले लेख ७५,०००, एक टक्का धरला तरी ७५० लेखांवर खोटा आळ. ऑगस्ट २०२३मध्ये त्यांनी ती सोय बंद केली. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निबंध या साधनांनी सरासरी निम्म्याहून अधिक वेळा यंत्राचे ठरवले. मोजक्या, साध्या शब्दांत लिहिणं संशयास्पद ठरलं. टोफेलला बसणाऱ्या आपल्या मुलांनाही हे लागू आहे.

आता काही शिक्षक डॉक्समधले जुने मसुदे उघडून बघतात खरे, पण ते पोराने स्वतः लिहिलंय का एवढंच ताडायला. दुसरा परिच्छेद का बदललास, हे विचारणारे थोडेच.