ओरछाची गिधाडे आणि हलकी तिपाई

झाशी म्हटले की मराठी मनासमोर राणी लक्ष्मीबाईंचा किल्ला उभा राहतो. किल्ला पाहून झाल्यावर बहुतेक प्रवासी जवळच्या ओरछाकडे वळतात. तेथे बेतवेच्या काठी बुंदेला राजांच्या छत्र्या आहेत आणि त्यांच्या उंच कोनाड्यांत लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे या पक्ष्यांचा देशभर संहार झाला. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. मादी एका हंगामात एकच अंडे घालते. म्हणूनच ही घरटी दुरून, स्पॉटिंग स्कोपमधून पाहणेच इष्ट.

स्कोप घेताना आपण सढळ हाताने खर्च करतो. तिपाई मात्र उरलेल्या पैशांत बसवतो. पण चाळीसपट मोठी प्रतिमा दाखवणारा स्कोप तिपाईचा कंपही चाळीसपट दाखवतो! नदीवरचा वारा सुटला की घरट्यातील पिलू दिसण्याऐवजी नुसती थरथर दिसते.

६५ मिलिमीटरचा स्कोप साधारण सव्वा ते दीड किलोचा असतो. त्याला कार्बन फायबरची सुमारे दीड किलोची तिपाई पुरते. अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त पडते, पण त्याच मजबुतीला वजन अधिक आणि थंडीच्या पहाटे हाताला गारठा. कार्बन फायबरमध्ये कंपही लवकर शमतो. पाय चारऐवजी तीन भागांचे घ्यावेत. घडी थोडी लांब होते. मात्र शेवटचा भाग काडीसारखा बारीक राहत नाही. मधला दांडा शक्यतो वर काढूच नये. किती किलो भार पेलते याचा छापील आकडा ताठरपणाविषयी फारसे काही सांगत नाही. दुकानात पाय पूर्ण उघडून, स्कोप चढवून, एका पायावर टिचकी मारावी आणि प्रतिमा स्थिरावायला किती वेळ लागतो ते पाहावे.

ओरछात नजर सतत वर लागते. तिरक्या नेत्रभिंगाचा स्कोप असेल तर वाकून पाहता येते, तिपाई डोळ्यांच्या उंचीपर्यंत न्यावी लागत नाही आणि आखूड, म्हणून हलकी तिपाई चालते. वजन वाचवण्याची ही खरी जागा.

हेडमध्ये मात्र काटकसर नको. छायाचित्रकारांचे बॉल हेड येथे गैरसोयीचे. सैल करताच स्कोप कलंडतो. एका दांडीने वर-खाली आणि आडवे संथ फिरणारे लहान फ्लुइड हेड घ्यावे; पाचशे ते सातशे ग्रॅमची अनेक मिळतात. प्लेट लांब असावी, म्हणजे स्कोप पुढेमागे सरकवून तोल साधता येतो. तोल साधला नाही, तर वर रोखलेला स्कोप हात सोडताच हळूहळू मागे झुकतो आणि घरटे दृष्टिक्षेत्रातून निसटते.

वारा असेल तेव्हा पाय थोडे आखूड करून तिपाईला पिशवी टांगावी. पिशवी हिंदकळू लागल्यास ती जमिनीला टेकू द्यावी. परतल्यावर पायांच्या जोडांतली बेतवेची वाळू ओल्या फडक्याने पुसून काढावी.