पट्टी आलापल्लीपर्यंतचीच

अम्मींना हेमलकसा आणि भामरागडचा नदीसंगम पाहायचा होता. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चंद्रपूरहून गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असे करत तिथे गेलो. १९७३ साली हेमलकशाला बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा या भागात धड रस्ताही नव्हता. आज डांबरी रस्ता आहे. तरी आलापल्ली ते भामरागड ही साठेक किलोमीटरची वाट दाट जंगलातूनच जाते. मोबाइलची रेंज येते आणि जाते. गाडी बंद पडली, तर जवळ असेल त्यावरच भागवावे लागते.

परतताना ताडगाव मागे पडले आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला. बोनेटमधून वाफ येऊ लागली. आम्ही गाडी सावलीत घेतली आणि इंजिन बंद केले. रेडिएटरचे झाकण उघडायला हात पुढे केला, तेवढ्यात तेंदूपत्त्याचा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर ओरडला, "सर, हात नका लावू! तोंड भाजून घ्याल."

गरम रेडिएटर म्हणजे वाफेने भरलेला कुकर. अर्धा-पाऊण तास थांबावे लागले. पिण्यापुरतेच पाणी उरले होते, म्हणून तयम्मुम करून आम्ही असरची नमाज अदा केली.

इंजिन थंड झाल्यावर दोष सापडला. रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपला मधोमध चीर गेली होती. ड्रायव्हरने सायकलची जुनी ट्यूब काढली, तिची लांब पट्टी कापली, पाइप कोरडा पुसला आणि पट्टी ताणून ताणून एकावर एक वेढे दिले. वरून तार आवळली. चीर पाइपच्या टोकाशी असती, तर तेवढा तुकडा कापून उरलेला पाइप पुन्हा बसवता आला असता, असेही त्याने दाखवले. आपल्या कॅनमधले पाणी रेडिएटरमध्ये ओतले आणि झाकण पूर्ण न आवळता पहिल्या खाचेवरच ठेवले. त्यामुळे आत दाब वाढत नाही आणि पट्टी टिकते. एसी बंद, हीटर पूर्ण चालू, वेग कमी, दर काही किलोमीटरला थांबून पाहणी. मेच्या उन्हात हीटर लावायचा म्हटल्यावर मुले हसली. पण इंजिनाची उष्णता त्यातूनही बाहेर पडते.

पैसे त्याने घेतले नाहीत. आमच्या डब्यातली पोळी-भाजी मात्र आवडीने खाल्ली. निघताना म्हणाला, "हे पट्टी आलापल्लीपुरतीच आहे जी. तिथं नवा पाइप टाका."

मगरिबच्या सुमारास आलापल्ली आली. गॅरेजवाला म्हणाला, दोन तास लागतील. पट्टी कोरडी होती. एवढे अंतर टिकली, तर घरापर्यंतही टिकेल, असे आम्हाला वाटले. मुले कंटाळली होती. अम्मींनी नेहमीच्या वेळी इन्शुलिन घेतले. जेवण गोंडपिपरीला करू, असे ठरले. आम्ही पाइप न बदलताच निघालो.

आष्टी ओलांडल्यावर पट्टी सुटली. काटा चढलेला दिसत असूनही "पुढचे गाव येईलच" म्हणत आम्ही गाडी रेटली आणि अखेर इंजिन बंद पडले. अंधार, दोन्ही बाजूंना झाडी, वाघाचा मुलूख. पायी जायचे धाडस होईना. त्यात अम्मींना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर उतरली होती. मुलीच्या बॅगेत ग्लुकोजची पुडी होती. ती पाण्यात कालवून पाजली, तेव्हा वीसेक मिनिटांनी त्या नीट बोलू लागल्या. एका जीपवाल्याने आम्हाला गोंडपिपरीला पोहोचवले. अल्हम्दुलिल्लाह, अम्मी सुखरूप राहिल्या. इंजिनाचे हेड मात्र खोलावे लागले आणि पाइपच्या कित्येक पट खर्च आला.

दोष पट्टीचा नव्हता. ती तिच्या कामाला पुरली होती. दोष आमचा होता. रस्त्यावरची दुरुस्ती म्हणजे पुढच्या गॅरेजपर्यंत मिळालेली उसनवारी. ती तिथेच फेडायची असते.

म्हणून आता आमच्या घरात काही नियम आहेत. पाण्याचा पाइप, सुटलेली तार, पंक्चर, मोटारसायकलची तुटलेली क्लच केबल, यांवर तात्पुरता इलाज चालतो. ब्रेक, स्टिअरिंग आणि पेट्रोलची गळती यांवर जुगाड करायचा नाही. गाडी जागेवरच उभी ठेवून मदत मागवायची. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय बारीक गळतीसाठी आहे. फुटलेल्या पाइपला तो उपयोगी नाही आणि जास्त हळदीने आतल्या नळ्या तुंबतात. जॅक मऊ मातीवर लावताना खाली फळी आणि चाकाला दगड हवा.

गाडीत सायकलची जुनी ट्यूब, तार, पक्कड, टॉर्च, फळी आणि पाण्याचा वेगळा कॅन असतो. घरात मधुमेही असेल, तर साखर किंवा ग्लुकोज हाताशी ठेवावे आणि जेवण नक्की समोर असल्याशिवाय जेवणाआधीचे इन्शुलिन घेऊ नये. निघण्याआधी घरी वाट आणि पोहोचण्याची वेळ सांगून ठेवावी.

तो फाटका पाइप आम्ही शाळेत नेला. दाबाचा धडा शिकवताना मुलांच्या हाती देतो. मुले पहिला प्रश्न हमखास विचारतात, "सर, मग आलापल्लीला का नाही बदलला?"