विश्लेषण : इंदुरीकरांचे कीर्तन ऐकायचे की क्लिप?

सम तिथीला संग झाला तर मुलगा, विषम तिथीला मुलगी, या निवृत्ती महाराज इंदुरीकर यांच्या विधानावरून २०२०मध्ये वादंग उठले. काही सेकंदांच्या क्लिपवरून अख्ख्या कीर्तनकाराचा निवाडा करू नये, हे समर्थकांचे म्हणणे रास्तच. हुंडा, दारू, लग्नातली उधळपट्टी यांवर ते सडकून बोलतात. पण हे विधान मागचे-पुढचे ऐकूनही चूकच. बाळाचे लिंग पित्याकडून येणाऱ्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरते, तिथीवर नाही. महाराजांनी पत्रक काढून दिलगिरी व्यक्त केली, तेही सांगायला हवे. कायद्याचा मुद्दा वेगळा : गर्भलिंग निवडीच्या जाहिरातीला मनाई आहे, मग कीर्तन जाहिरात ठरते का? संगमनेरच्या सत्र न्यायालयाने २०२१मध्ये खटला रद्द केला. २०२३मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो निकाल फिरवला.