विश्वस्तांचा वकील कोणाला उत्तरदायी?

तीसएक वर्षांपूर्वी उत्तर भारतातील एका जिल्ह्यात मी जिल्हाधिकारी असताना एक विधवा हातात भाडेपट्टा घेऊन आली. सासऱ्यांनी तिच्या मुलांसाठी केलेल्या खासगी न्यासाची जमीन विश्वस्ताने आपल्या नातलगाला तीस वर्षांसाठी नाममात्र भाड्याने दिली होती. दस्त वकिलाने तयार केला होता आणि त्याची फी न्यासाच्याच पैशांतून दिली गेली होती.

भारतीय न्यास अधिनियम, १८८२ चे कलम ३६ याबाबत पुरेसे स्पष्ट आहे. न्यायालयाच्या परवानगीशिवाय विश्वस्ताला एकवीस वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टा करता येत नाही. भाडेही वाजवीपणे मिळू शकेल तेवढे उत्तम असावे लागते. वकिलाने हे कलम वाचले नव्हते की वाचून बाजूला ठेवले होते, हे कधी कळले नाही. विश्वस्तावर दावा लावता आला असता, परंतु त्याच्याकडे वसूल करण्याजोगे काही उरले नव्हते. मग वकिलाचे काय, असा तिचा सरळ प्रश्न होता.

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. १८७४ साली इंग्लंडमध्ये बार्न्स विरुद्ध ॲडी या खटल्यात एका विश्वस्ताने आपल्या जागी दुसऱ्याला एकटाच विश्वस्त नेमले. नव्या विश्वस्ताने पैसा बुडवला. नेमणुकीचा दस्त करणाऱ्या वकिलाने आधी धोक्याची सूचना दिली होती. लॉर्ड सेल्बोर्न यांनी वकिलांना दोषमुक्त केले: न्यासाची मालमत्ता स्वतःकडे घेतली, किंवा विश्वस्ताच्या अप्रामाणिक बेताला जाणूनबुजून साहाय्य केले, तरच वकील जबाबदार. आठ वर्षांनी झालेल्या आपल्या कायद्यात कलम ८८ ने ‘विधी सल्लागारा’चा थेट उल्लेख केला. विश्वासाच्या नात्याचा वापर करून त्याने स्वतःसाठी आर्थिक लाभ मिळवला, तर तो ज्याचे हित त्याने जपायचे, त्याच्यासाठीच धारण करावा लागतो.

अर्थात लबाड वकील कायद्याच्या कक्षेत येतो. निष्काळजी वकिलाचे काय? केवळ वकील असल्यामुळे निष्काळजीपणाच्या दाव्यातून कोणाला सूट नाही, हे १९२६ च्या कायद्याने सांगितले. मात्र असा दावा मुख्यतः अशिलाचा, आणि येथे अशील तर विश्वस्तच. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिली सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवली, म्हणजे तोही मार्ग उरला नाही. राहते अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खालची तक्रार. तिने फार तर सनद जाते, जमीन परत येत नाही. ज्याच्या पैशांतून फी जाते त्याला त्या फीच्या मोबदल्यात मिळालेल्या सल्ल्याचा जाब विचारता येऊ नये, हे मला पटत नाही. निदान न्यासनिधीतून फी घेणाऱ्या वकिलाला लाभार्थ्याप्रती सावधगिरीचे कर्तव्य असावे, असे संसदेने स्पष्ट लिहावे.

त्या बाईंना मी दिवाणी न्यायालयात जाण्यास सांगितले आणि पुढच्या फायलीकडे वळलो. याच कायद्याच्या कलम ५७ नुसार विश्वस्ताने घेतलेली कायदेशीर मते पाहण्याचा आणि त्यांच्या नकला घेण्याचा हक्क लाभार्थ्याला आहे. वकिलाने लेखी काय सांगितले होते, हे तिला मागता आले असते. हे कलम मी निवृत्तीनंतर वाचले.