उष्टावणानंतरची वाटी

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे. 1956च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, आणि या शहरातील मराठी वस्तीची मुळे त्या काळापर्यंत जातात. अशा घरांतून बाळाचे उष्टावण आजही होते. रूढीनुसार मुलाचे सम महिन्यात, बहुधा सहाव्या, आणि मुलीचे विषम महिन्यात, म्हणजे पाचव्या किंवा सातव्या. बालरोगशास्त्र मात्र असा भेद मानत नाही. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि 180 दिवस पूर्ण होताच पूरक आहार, हे मुलगा-मुलगी दोघांनाही सारखेच लागू आहे.

उष्टावणाच्या दिवशी सोन्याच्या अंगठीने चाटवलेली खीर हा संस्कार झाला. आहार त्यानंतर सुरू व्हायला हवा. कित्येक घरांत तो पुढे कित्येक आठवडे भाताच्या पेजेवर किंवा वरणाच्या वरवरच्या पाण्यावर रेंगाळतो, आणि नेमक्या याच काळात बाळाच्या वाढीचा आलेख वाकू लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली प्रसिद्ध केलेली वाढीची मानके सहा देशांतील बालकांच्या मोजमापांवर उभी आहेत. त्यांत दिल्लीची बालकेही होती. त्यानुसार मुलाचे मध्यम वजन जन्मतः 3.3 किलो, सहाव्या महिन्यात 7.9 आणि वर्षाअखेर 9.6 किलो असते. मुलीचे अनुक्रमे 3.2, 7.3 आणि 8.9. लांबी सुमारे 50 सेंटिमीटरवरून 75च्या आसपास जाते. आधाराविना बसणे 4 ते 9 महिन्यांत आणि स्वतंत्र चालणे 8 ते 17 महिन्यांत केव्हाही येऊ शकते. शेजारच्या बाळाशी तुलना करून घाबरण्याचे कारण नाही. एका दिवसाच्या वजनापेक्षा दर महिन्याची रेषा महत्त्वाची. ती सपाट झाली, तर विलंब न करता अंगणवाडी सेविकेला वा डॉक्टरांना दाखवावे.

पूर्ण दिवसांच्या बाळाला आईच्या पोटातून मिळालेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधातील लोह सहज शोषले जाते, पण ते थोडे असते. पुढची गरज अन्नानेच भागवावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील रक्तक्षयग्रस्त बालकांचे प्रमाण छत्तीसगढमध्ये 67.2 टक्के, तर महाराष्ट्रात 68.9 टक्के आढळले. भातखाऊ आणि भाकरीखाऊ प्रदेश येथे एकाच पंक्तीत बसले आहेत!

पांढऱ्या तांदळाच्या 100 ग्रॅममध्ये लोह जेमतेम 0.65 मिलिग्रॅम आणि कॅल्शियम 7 ते 8 मिलिग्रॅम असते. नाचणीत तेच अनुक्रमे 4.6 आणि 364. बस्तरमध्ये नाचणीला मडिया म्हणतात आणि तिची पेज हे तेथील नित्याचे अन्न आहे. 'पेज' हा शब्दही मराठीशी जुळणारा. म्हणजे रायपूरच्या मराठी घराला नाचणी कोकणातून मागवण्याची गरज नाही.

नाचणीचे सत्त्व करताना मात्र एक गोष्ट निसटते. भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून खाली बसलेला साका वाळवला की उरतो तो मुख्यतः स्टार्च. कॅल्शियम ज्यात एकवटलेले असते तो कोंडा फडक्यातच राहतो. त्याऐवजी नाचणीला मोड आणून, सावकाश वाळवून, मंद आचेवर किंचित परतून दळावी आणि बारीक चाळणीने चाळावी. मोड येताना लोहाचे शोषण रोखणारे फायटेट घटते. शिवाय अमायलेज हे विकर तयार होते, आणि त्याचा उपयोग फार मोलाचा आहे.

आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी सुमारे 250 मिलिलिटर मावते. लापशी गिळता यावी म्हणून आई तीत पाणी घालते. पोट पाण्यानेच भरते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1980च्या दशकात यावर काम झाले. मोड आणलेल्या धान्याचे चमचाभर पीठ घट्ट, गरम लापशीत मिसळले की अमायलेज स्टार्चचे तुकडे करते आणि लापशी पाण्याविना पातळ होते. मिसळल्यावर ती पुन्हा एकदा उकळावी. धान्य फार भाजले तर विकर नष्ट होते, हे ध्यानात ठेवावे.

रायपूरच्याच इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने 'छत्तीसगढ झिंक राइस-1' हे जस्तसमृद्ध भाताचे वाण विकसित केले आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'धनशक्ती' बाजरीत किलोमागे 70 मिलिग्रॅमहून अधिक लोह असते. ही वाणे उपयुक्त खरीच. तरी जस्ताचा तांदूळ लोहाची उणीव भरत नाही, आणि कोणतेही एक धान्य डाळ, अंडे वा पालेभाजीची जागा घेत नाही. वरणावर लिंबाचे थेंब पिळल्यास लोह अधिक शोषले जाते. सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा सरकारी योजनेतून मिळणारे लोहाचे सिरपही आरोग्यसेविकेच्या सल्ल्याने द्यावे. वर्षाच्या आत मध चाटवू नये, त्यातून बोट्युलिझमचा धोका असतो. गाईचे दूध मुख्य पेय म्हणून देऊ नये, मीठ-साखर टाळावी.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा. आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी दोन-तीनदा, नवव्यानंतर तीन-चारदा, आणि स्तनपान चालूच. चमचा कलता केल्यावर लगेच ओघळणार नाही इतकी लापशी घट्ट असावी.