ध्वनीच्या वाटा

यवतमाळ जिल्ह्यात, नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्याजवळ, पांढरकवड्याच्या शेजारी केळापूर हे गाव आहे. तेथील जगदंबेच्या मंदिरात नवरात्रात मोठी यात्रा भरते. अशा यात्रेत आपण डोळे मिटून भजन ऐकत बसलो, तरी पेटी डावीकडे, तबला उजवीकडे, बुवा समोर आणि खंजिरीवाले पाठीमागे आहेत, हे आपल्याला सांगता येते. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला किंचित आधी व किंचित मोठा ऐकू येतो. मुख्यतः एवढ्याशा फरकावरून आपला मेंदू दिशा ओळखतो.

आता हेच भजन एका ध्वनिक्षेपकाने टिपून एका कर्ण्यातून ऐकविले, तर काय होईल? सूर तेच, शब्द तेच; पण सारी मंडळी जणू एकाच खिडकीतून डोकावून गात आहेत असे वाटेल. मंडप नाहीसा होतो! तो परत आणायचा, तर प्रत्येक आवाज वेगळा टिपून त्याला वेगळी वाट द्यावी लागते. या वाटेला वाहिनी म्हणतात. १९७५ साली प्रदर्शित झालेल्या ‘शोले’ या चित्रपटाच्या ७० मिलिमीटरच्या प्रतींवर ध्वनीच्या अशा अनेक वाटा होत्या. त्यात नाणे पडल्याचा आवाज येताच काही प्रेक्षक आपल्या खुर्चीखाली नाणे शोधू लागत, असे सांगतात.

त्या काळी हा ध्वनी चुंबकीय फितीवर असे. आज तो संगणकात अंकांच्या रूपाने राहतो. चित्रपटाच्या ध्वनीत एका वाहिनीसाठी दर सेकंदाला बहुधा ४८,००० अंक लागतात. म्हणजे सहा वाहिन्यांसाठी २,८८,००० झाले. या अंकांवर काम करणाऱ्या मुख्य कार्यक्रमाला जोडीदार म्हणून लहान लहान कार्यक्रम असतात. त्यांना प्लगइन म्हणतात. कोणी आवाजाला गाभाऱ्यासारखा घुमारा देतो, तर कोणी खरखर काढून टाकतो. एकाने केलेला प्लगइन दुसऱ्याच्या कार्यक्रमात चालावा, म्हणून जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील स्टाइनबर्ग या कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी नावाची एक पद्धत प्रसिद्ध केली.

काम सुरू होण्यापूर्वी या दोघांत करार व्हावा लागतो. “तू किती वाहिन्या घेशील आणि किती परत देशील?” असे मुख्य कार्यक्रम विचारतो. “एक घेईन, दोन देईन,” असे घुमारा देणारा प्लगइन म्हणेल. समजा, त्याच्यापुढे सहा वाहिन्या आल्या आणि त्याला दोनच हाताळता येतात. अशा वेळी त्याने स्पष्ट नकार दिला पाहिजे. दोन घेऊन उरलेल्या चार मुकाट्याने टाकून दिल्या आणि तेच जतन झाले, तर म्हाताऱ्या बुवांचे ते एका रात्रीचे गाणे पुन्हा कोठून आणावे?

संख्या जुळली म्हणजे झाले, असेही नाही. सहा वाहिन्यांचा एक क्रम असा आहे: डावी, उजवी, मधली, खर्जाची, मागची डावी, मागची उजवी. दुसऱ्या रूढ क्रमात मधली दुसरी येते आणि खर्जाची शेवटी जाते. ध्वनी दुसऱ्या क्रमाने भरला व पहिल्या क्रमाने ऐकविला, तर मधल्या बुवांचा आवाज उजवीकडून येतो आणि उजवीकडचा तबला मध्ये येऊन बसतो. मागची डावी वाहिनी तर खर्जाच्या कर्ण्यात शिरते, आणि त्या बाजूच्या खंजिरीचा झणत्कार हरवतो. पडद्यावर मात्र कोणतीही चूक दिसत नाही! म्हणून जाणकार रचनाकार वाहिनीला नुसता क्रमांक देऊन थांबत नाही. तिला नाव देतो.

आणखी एक जोडणी मोठी गमतीची आहे. बुवा गाऊ लागले की चांगला पेटीवाला आपला आवाज आपोआप उतरवतो. प्लगइनला हे शिकवायचे, तर पेटीच्या वाहिनीखेरीज बुवांचा आवाजही त्याच्याकडे आला पाहिजे. त्यासाठी त्याला बाजूचे एक दार ठेवतात. त्या दाराने आलेला आवाज त्याने केवळ ऐकायचा असतो, पुढे पाठवायचा नसतो. येथे गफलत झाली, तर बुवा पेटीच्या वाटेनेही गाऊ लागतात.

या साऱ्या जोडण्या तपासण्याची रीत मात्र अगदी साधी आहे. कार्यक्रमाआधी मंडपवाला एकेका ध्वनिक्षेपकाजवळ जाऊन “हॅलो, हॅलो” म्हणतो ना? तसेच प्रत्येक वाहिनीत पाळीपाळीने तिचेच नाव बोलून पाठवतात. आणि “मागचा डावा” हे शब्द खरोखरच मागून डावीकडून येतात की नाही, हे मधोमध बसून कान देऊन ऐकतात.