ध्रुवपदापुरतं गाणं

जॉर्ज विल हे अमेरिकेतले नामांकित उजव्या विचारांचे स्तंभलेखक. गळ्यात बो, बोलणं प्रोफेसरी, आणि रॉक संगीताशी सुतराम संबंध नाही. १९८४ साली रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ड्रमरनं त्यांना वॉशिंग्टनजवळच्या एका मैफलीचं निमंत्रण दिलं. विल गेले, कानात कापसाचे बोळे घालून बसले आणि १३ सप्टेंबरला त्यांचा लेख छापून आला. हा पोरगा रडगाणं गात नाही, 'बॉर्न इन द यूएसए' हा तर देशाचा आनंदी जयजयकार आहे, असा त्याचा सूर होता. सहा दिवसांनी, न्यू जर्सीतल्या हॅमंटन गावच्या प्रचारसभेत राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी स्प्रिंगस्टीनचं नाव घेतलं. अमेरिकेचं भवितव्य या तुमच्या गाववाल्याच्या गाण्यांतल्या आशेत आहे, अशा अर्थाचं ते बोलले.

आता ते गाणं काय आहे? व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेला एक कामगार. खे सान्हच्या लढाईत जवळचा माणूस गमावलेला. तेलशुद्धी कारखान्यात नोकरी मागायला जातो, मिळत नाही. माजी सैनिकांच्या सरकारी कार्यालयातूनही हात हलवत परत येतो. कडव्यांमध्ये हे सगळं आहे. ध्रुवपदात मात्र देशाचं नाव आहे, खाली दणकेबाज ड्रम आहेत, आणि अल्बमच्या मुखपृष्ठावर अमेरिकेचा झेंडा. सभेच्या मैदानात कर्ण्यातून कडवी कुणाला ऐकू येतात? वीस हजार माणसं ध्रुवपदावर मुठी उंचावतात, आणि प्रचारप्रमुखाला तेवढंच हवं असतं.

स्प्रिंगस्टीननं त्याच आठवड्यात पिट्सबर्गच्या मंचावरून टोला हाणला. राष्ट्राध्यक्षांना माझा कोणता अल्बम आवडतो कोण जाणे, 'नेब्रास्का' तर नसेलच, असं म्हणून त्यानं 'जॉनी ९९' वाजवलं. मोटारींचा कारखाना बंद पडल्यावर हातात पिस्तूल घेतलेल्या बेकाराची ती कहाणी. गंमत म्हणजे रेगन यांचे प्रतिस्पर्धी वॉल्टर मॉन्डेल यांनीही स्प्रिंगस्टीन आपल्या बाजूचा असल्याचं जाहीर करून टाकलं, आणि मग त्यांच्या प्रचार कार्यालयाला ते मागे घ्यावं लागलं. नोव्हेंबरमध्ये रेगन पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत जिंकले. गायकाच्या टोल्यानं एक मतही हललं असेल असं मला वाटत नाही.

प्रचाराला गाणी पूर्वीही लागत, पण ती बहुधा मागणीप्रमाणे बेतलेली असत. १९६०मध्ये जॉन केनेडी यांच्यासाठी फ्रँक सिनात्रानं आपलंच 'हाय होप्स' शब्द बदलून पुन्हा गायलं. सगळा मामला राजीखुशीचा. रॉकची पिढी मतदार झाली तेव्हा चित्र बदललं. गाजलेलं गाणं स्वतःची पुण्याई घेऊन येतं, नव्यानं चाल लावत बसण्याची गरज नाही. १९९२मध्ये बिल क्लिंटन यांनी फ्लीटवूड मॅकचं १९७७चं 'डोन्ट स्टॉप' उचललं. जानेवारी १९९३च्या शपथविधीच्या सोहळ्यात फुटलेला बँड त्याच गाण्यासाठी पुन्हा एकत्र उभा राहिला. अशा सुखान्त गोष्टी मोजक्या.

बाकीच्या गोष्टी वकिलांच्या. सामान्य रसिकाला वाटतं की गायकानं 'नाही' म्हटलं की विषय संपला. तसं नाही. अमेरिकेत सभागृहात किंवा मैदानात ध्वनिमुद्रित गाणं वाजवलं, तर त्या जाहीर सादरीकरणाचा हक्क गीतकार-संगीतकार आणि त्यांच्या प्रकाशकाचा. ध्वनिमुद्रिकेत ज्याचा आवाज आहे त्या गायकाला तिथे कायद्यानं दमडीचाही वाटा नाही. परवाने देतात अॅस्कॅप आणि बीएमआय यांसारख्या संस्था, आणि तेही घाऊक: एकदा पैसे भरा, लाखो गाण्यांतलं कुठलंही वाजवा. म्हणूनच 'आमच्याकडे परवाना आहे' हे प्रचारकांचं उत्तर बरेचदा खरंही असतं. पुढे या संस्थांनी राजकीय प्रचारासाठी वेगळा परवाना काढला आणि त्यातून आपलं गाणं वगळून घेण्याची सोय रचनाकारांना दिली. २०२०मध्ये रोलिंग स्टोन्सनी बीएमआयमार्फत ट्रम्प यांना इशारा दिला तो याच वाटेनं.

या कायद्याची खरी मजा पाहायची तर सॅम मूर यांच्याकडे पाहावं. 'सॅम अँड डेव्ह' या जोडगोळीतला हा सोलचा बुलंद आवाज. त्यांची 'सोल मॅन' आणि 'होल्ड ऑन, आय'म कमिन' ही दोन्ही गाणी रचली आयझॅक हेझ आणि डेव्हिड पोर्टर यांनी. १९९६मध्ये बॉब डोल यांच्या प्रचारासाठी मूर यांनी 'सोल मॅन'च्या जागी 'डोल मॅन' गाऊन दिलं. आवाज त्यांचाच, हौसही त्यांचीच, पण हक्कदार प्रकाशकांनी डोळे वटारले आणि ते थांबलं. २००८मध्ये ओबामांच्या सभांत 'होल्ड ऑन' वाजू लागलं तेव्हा मूर यांनीच ते थांबवण्याची विनंती केली. २०२४मध्ये तेच गाणं ट्रम्प यांच्या सभांत वाजलं. हेझ यांच्या वारसांनी अटलांटाच्या फेडरल कोर्टात दावा लावला, आणि मूर यांनी या वेळी कोर्टात वारसांच्या विरुद्ध बाजू घेतली! सप्टेंबरमध्ये न्यायाधीशांनी ट्रम्प यांना ते गाणं वाजवायला मनाई केली. आधी पसरलेल्या चित्रफिती काढून टाकण्याचा आदेश मात्र दिला नाही. म्हणजे ज्याच्या गळ्यामुळे गाणं लोकांना माहीत, त्याची संमती किंवा नकार कायद्याच्या लेखी कुठल्याच वेळी निर्णायक नव्हता.

जाहिरातीच्या चित्रफितीत गाणं टाकलं की मात्र घाऊक परवाना कामाला येत नाही. चित्राशी गाणं जोडण्याची परवानगी स्वतंत्र घ्यावी लागते, आणि राजकारणी नेमके इथे अडकतात. जॉन मकेन यांच्या बाजूच्या जाहिरातीत 'रनिंग ऑन एम्प्टी' वापरल्याबद्दल जॅक्सन ब्राऊननं २००८मध्ये खटला भरला. पुढच्या वर्षी माफीसह तडजोड झाली. फ्लोरिडाचे माजी गव्हर्नर चार्ली क्रिस्ट यांना तर गायक डेव्हिड बर्नची माफी यूट्यूबवर, कॅमेऱ्यासमोर बसून मागावी लागली. एडी ग्रँटच्या 'इलेक्ट्रिक अॅव्हेन्यू'च्या दाव्यात ट्रम्प यांचा 'न्याय्य वापरा'चा बचाव २०२४मध्ये न्यू यॉर्कच्या कोर्टानं फेटाळला.

विरोध कायमचा असतो असंही नाही. 'व्हिलेज पीपल'च्या व्हिक्टर विलिस यांनी २०२०मध्ये ट्रम्प यांना आपली गाणी वापरू नका म्हणून सांगितलं. पुढे सभांमधल्या 'वायएमसीए'नं गाण्याचा खप असा काही वाढवला की त्यांनी हरकत मागे घेतली, आणि जानेवारी २०२५मध्ये बँड ट्रम्प यांच्या विजयसभेत मंचावर होता. सत्तरच्या दशकात गे क्लबांनी डोक्यावर घेतलेलं हे गाणं. तिथेही कडवी कुणी ऐकली नसावीत. हातांनी अक्षरं काढण्यात लोक दंग.

गाणं उलटतं तेव्हा फार वाईट उलटतं. १९९७मध्ये टोनी ब्लेअर यांच्या मजूर पक्षानं डी:रीम या बँडचं 'थिंग्ज कॅन ओन्ली गेट बेटर' घरोघरी नेलं. २२ मे २०२४ला हुजूर पक्षाचे ऋषी सुनक डाउनिंग स्ट्रीटवर भर पावसात निवडणुकीची घोषणा करत होते. सूट भिजून चिंब झालेला, आणि दारापलीकडून एका निदर्शकाच्या कर्ण्यावर तेच गाणं ठणाणत होतं. भाषणात ते काय म्हणाले हे फारसं कुणाच्या लक्षात नाही.

आपल्याकडे पद्धत निराळी. सिनेमाची चाल घ्यायची, शब्दांत उमेदवाराचं नाव आणि चिन्ह बसवायचं, आणि रिक्षावर कर्णा बांधून गल्लोगल्ली सोडायचं. २००९मध्ये काँग्रेसनं 'जय हो'चे हक्क टी-सीरिजकडून रीतसर विकत घेतले, तर भाजपनं त्याच चालीत 'भय हो' काढलं. ७ नोव्हेंबर २०२२ला भारत जोडो यात्रा देगलूरला महाराष्ट्रात शिरत होती. 'केजीएफ २'चं संगीत यात्रेच्या चित्रफितीत वापरल्याबद्दल त्याच दिवशी बेंगळुरूच्या कोर्टानं काँग्रेसची ट्विटर खाती रोखण्याचा हुकूम दिला. दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयानं तो रद्द केला, पण चित्रफिती काढण्याच्या अटीवर.

आणि आपल्याकडे गाण्याचा प्रत्येक शब्द वाचणारा एक वाचक आहे, तो म्हणजे निवडणूक आयोग. एप्रिल २०२४मध्ये त्यानं शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाच्या मशाल गीतातल्या 'हिंदू' आणि 'जय भवानी' या शब्दांवर बोट ठेवलं. उद्धव ठाकरे यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं, 'जय भवानी' काढणार नाही.